मैदानाची पत्रपेटी : फॉर्मवर कुठली जागा लिहू?

या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. दोन लहान, एक मोठं. लहान आधी उरकते, कारण मोठ्या पत्रात जे सांगायचंय त्याची थोडी तयारी त्यातच होऊन जाते. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी सोलापूरच्या एका शाळेत ३१ वर्षं पी.टी. शिकवली आणि त्यातली २४ वर्षं मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ सांभाळला.

प्रश्न : बाई, आम्ही मित्र होस्टेलवर बेसबॉलबद्दल बोलत होतो. एक जण म्हणाला, अमेरिकेत एका खेळाडूनं एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळून दाखवलं होतं. हे खरं आहे की थाप?
— एक विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : खरं आहे. आणि एकानं नाही, अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये १९६५ ते २०१७ या काळात पाच जणांनी हे केलंय.

पहिला बर्ट कॅम्पानेरिस, मूळचा क्यूबाचा. तो तेव्हा कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सकडे होता. ८ सप्टेंबर १९६५ च्या सामन्यात तो दर इनिंगला जागा बदलत गेला. नवव्या इनिंगला कॅचरची, म्हणजे बॅटरच्या मागं बसून चेंडू घेणाऱ्याची, जागा आली आणि तिथं धावत आलेला गडी होमप्लेटवर, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथंच, त्याच्यावर असा आदळला, की त्याला मैदान सोडावं लागलं. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, मिनेसोटा ट्विन्सच्या सीझर तोवारनं तेच केलं. हा व्हेनेझुएलाचा. त्यानं सुरुवातच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून केली आणि त्याच्यासमोर पहिला बॅटर कोण आला? तोच कॅम्पानेरिस! मला हा योगायोग फार आवडतो. मग २००० साली स्कॉट शेल्डन आणि शेन हॉल्टर, आणि २०१७ मध्ये अँड्र्यू रोमाइन.

तुमच्या मित्रांना सांगा, पण एक गोष्ट जोडून सांगा. हे सामने बहुतेक हंगाम संपत आल्यावरचे आहेत, लोकांना मजा म्हणून योजलेले. गडी त्या दिवशी नऊ ठिकाणी उभा राहिला हे खरंच. पण एक दिवस उभं राहणं वेगळं आणि वर्षानुवर्षं संघानं तुमच्या जिवावर निर्धास्त राहणं वेगळं. तसा एक माणूस होऊन गेला, त्याच्याबद्दल तिसऱ्या पत्रात लिहिते.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, डावखुरा आहे. त्याला शॉर्टस्टॉप खेळायचंय, पण कोच सर उभं करत नाहीत. डावखुरा म्हणून हा अन्याय नाही का? शिवाय ग्लोव्ह कुठला घ्यावा? दुकानदार चार प्रकार दाखवतो.
— एक वडील, विजापूर रोड

उत्तर : अन्याय नाही. शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला गडी. जमिनीवरून आलेला चेंडू उचलायचा आणि लगेच पलीकडे फर्स्ट बेसला फेकायचा, हे त्याचं मुख्य काम. उजव्या हातानं फेकणाऱ्याचं अंग तिकडंच वळलेलं असतं. डावखुऱ्याला आधी अख्खं अंग फिरवावं लागतं. त्यात निमिष जातं, आणि बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट असलं तरी धावणारा बहुतेक वेळा पाऊलभरानंच वाचतो किंवा आउट होतो. तुमच्या मुलासाठी फर्स्ट बेस आहे, पिचर आहे, मागची तिन्ही मैदानं आहेत. फर्स्ट बेसला तर डावखुऱ्याचं सोनं होतं. सरांना सांगून तिथं उभं करा.

ग्लोव्ह १२ इंचाच्या आसपासचा, साधा बोटांचा घ्या, उजव्या हातात घालायचा. इनफिल्डवाले, म्हणजे बेसच्या आसपासचे गडी, साडेअकरा इंचांचा लहान वापरतात, कारण चेंडू आत हरवता कामा नये, चटकन हाताला लागला पाहिजे. मागच्या मैदानातले साडेबारा किंवा त्याहून मोठा घेतात. फर्स्ट बेसचा आणि कॅचरचा मिट वेगळा असतो, त्यात बोटं सुटी नसतात. तो आत्ता घेऊ नका, शाळेचा वापरू द्या. नवा ग्लोव्ह कडक असतो. रोज त्यात शंभर वेळा चेंडू आपटायचा आणि रात्री आत चेंडू ठेवून दोरीनं आवळून ठेवायचा. पंधरा दिवसांत हाताचं ऐकायला लागतो.

प्रश्न : बाईंना नमस्कार. मी विड्या वळते. मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. हे पत्र मोठ्या लेकीकडून लिहून घेतेय. धाकटी नववीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळते. दोन वर्षं झाली, पण तिला एक जागा नाही. कधी सेकंड बेस, कधी शॉर्टस्टॉप, कधी लांब राइट फील्डला. गेल्या महिन्यातल्या सामन्यात तर तीन इनिंगमध्ये तीन जागा. बाकीच्या मुलींच्या जागा ठरलेल्या आहेत. जाऊबाई म्हणाल्या, "जिला जागा नाही ती भरतीची." पोरगी परवा रात्री रडली. आता जिल्ह्याच्या निवड चाचणीचा फॉर्म आलाय, २० तारखेपर्यंत द्यायचाय. त्यात 'खेळण्याची जागा' असा रकाना आहे. ती विचारते, आई, मी काय लिहू? मला खेळातलं काही कळत नाही. तुम्हीच सांगा.
— एक आई, अशोक चौक

उत्तर : ताई, 'भरतीची' या शब्दावर माझी नजर अडकून राहिली. तुमच्या लेकीला मी खेळताना पाहिलेलं नाही. पण तुम्ही तीन जागांची नावं लिहिली आहेत, आणि त्यातल्या एका नावावरून मी खात्रीनं सांगते की ती भरतीची नाही. भरतीच्या मुलीला कुठलाही कोच शॉर्टस्टॉपला उभं करत नाही. नऊ जागांत जमिनीवरचे सर्वात जास्त चेंडू तिकडं जातात. आपल्याकडच्या मैदानावर तर बघायलाच नको. वरवर मुरूम टाकलेला असतो, खाली काळी माती, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, चेंडू कुठं उसळेल याचा नेम नसतो. तिथं मी २४ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली उभ्या केल्या. कच्ची मुलगी लपवायची असेल तर कोच तिला एकाच कोपऱ्यात ठेवतो आणि हलवतच नाही. तुमच्या मुलीला हलवतात, कारण ती हलू शकते.

आता मी तुम्हाला बेसबॉलमधल्या एका माणसाची गोष्ट सांगते. मुलीला वाचून दाखवा.

त्याचं नाव बेन झोब्रिस्ट. १९८१ चा जन्म, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या युरेका गावचा. गाव पाचेक हजार वस्तीचं, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं खेडंच. वडील चर्चमध्ये पाद्री. शाळा संपली तेव्हा त्याला कुठल्याही कॉलेजनं खेळासाठी बोलावलं नव्हतं, आणि बेसबॉल तिथंच संपायच्या बेतात होता. तेवढ्यात शाळेच्या कोचनं एका निवड शिबिराचं सुचवलं. फी ५० डॉलर. वाढदिवसाला आजी-आजोबांनी दिलेले पैसे त्यानं त्यात घातले आणि गेला. तिथं एका लहान कॉलेजच्या कोचची नजर त्याच्यावर पडली. तेवढ्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. म्हणून निवड चाचणीच्या फॉर्मला मी कधी कागदाचा तुकडा म्हणत नाही.

२००४ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनं त्याला सहाव्या फेरीत घेतलं, तेही शॉर्टस्टॉप म्हणून. २००६ मध्ये त्याची अदलाबदल टॅम्पा बेच्या संघाशी झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. सुरुवात वाईट झाली. २००७ मध्ये त्याची बॅटिंगची सरासरी ०.१५५ होती. शंभरातल्या पंधरा-सोळा वेळाच हिट लागत होता. अशा गड्याला खालच्या लीगमध्ये धाडतात, त्यालाही धाडलं. ठरलेली जागा म्हणाल तर तीही गेली होती.

जो मॅडन नावाचा त्यांचा मॅनेजर होता. त्यानं पाहिलं, की या गड्याला पाठवाल तिथं तो उभा राहतो, तक्रार करत नाही, आणि प्रत्येक जागेचा अभ्यास करतो. झोब्रिस्टनं बॅटिंगवर घाम गाळला होताच. २००९ चा हंगाम आला. त्या एका वर्षात तो पिचर आणि कॅचर सोडून उरलेल्या सातही जागांवर खेळला. आज सेकंड बेस, उद्या राइट फील्ड, परवा शॉर्टस्टॉप. आणि या सगळ्या फिरतीत त्यानं २७ होमरन मारले, ९१ रन आणले, सरासरी ०.२९७, ऑल-स्टार संघात निवड. बेसबॉलवाले आता एक माप वापरतात. बॅटिंग, बेसवरचं धावणं, फिल्डिंग सगळं एकत्र धरायचं आणि हा गडी नसता, त्याच्या जागी कुणीही साधासुधा बदली गडी असता, तर संघानं किती सामने कमी जिंकले असते ते काढायचं. त्या मापात २००९ मध्ये अमेरिकन लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांतल्या एकाच्या, पिचर सोडून सगळ्या खेळाडूंत बेन झोब्रिस्ट पहिला आला.

पण त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिनेसोटाच्या जो मॉअरला गेला. मॉअर कॅचर होता, त्याची जागा सगळ्यांना माहीत होती. झोब्रिस्ट मतदानात आठवा. मॉअर मोठा खेळाडू, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मत देणाऱ्यांना एक जागा दिसते. सात जागांची बेरीज डोळ्याला सहज दिसत नाही. तुमच्या जाऊबाईंनाही नेमकी तीच दिसली नाही, ताई. त्यांचा दोष नाही.

'भरतीची' हा शब्द मला का लागला, तेही सांगते. माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत बदली कामगार होते. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. पहाटे भोंगा झाला की गिरणीच्या फाटकाशी बदलीवाले उभे राहायचे. कोण कायम कामगार आला नाही ते बघून जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, बोट दाखवायचा. ज्याच्याकडं बोट, तो आत. बाकीचे घरी परत. आज या खात्यात, उद्या त्या. डबा घेऊन मी जायची, तेव्हा आधी फाटकावर विचारावं लागायचं की माझे वडील आज कुठल्या खात्यात आहेत. शाळेत वडिलांचा व्यवसाय लिहायला सांगितला की मैत्रिणी लिहायच्या 'गिरणी, माग खाते', 'गिरणी, साचा खाते'. मी नुसतं 'गिरणी' लिहायची.

एकदा त्यांनी मला घरी सूत घेऊन दाखवलं होतं. साच्यावर सूत तुटलं तर गाठ मारायची नाही. दोन टोकं अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांत धरून पीळ द्यायचा, सूत सुताला धरतं, जोड दिसतही नाही. मागावर ताण्याचा धागा तुटला तर पीळ चालत नाही, तिथं ताण असतो, गाठच हवी. तीही एवढी बारीक की फणीतून न अडकता गेली पाहिजे. सूत तेच, माणूस तोच, पण खातं बदललं की बोटांनी वेगळं वागायचं. हे ते एका हातानं करायचे, दुसऱ्या हातात चहाची बशी. कायम कामगाराला आपल्या खात्याची एक रीत यायची. माझ्या वडिलांना साऱ्या गिरणीच्या येत होत्या. पगार मात्र हजेरी लागेल तेवढ्या दिवसांचा, आणि मान तर नाहीच.

म्हणून मी संघ हाती घेतल्यावर पहिल्यापासून ठरवलं होतं, की मुलीला जागा बदलायला लावायची तर त्या जागेची बोटं तिला आधी शिकवायची. तुमची लेक ज्या तीन जागांवर खेळते, त्यांचंच बघा. शॉर्टस्टॉपला पहिलं पाऊल पुढं, चेंडूवर चाल करून जायचं, कारण फेक लांबची आहे आणि थांबलात तर उशीर झाला. सेकंड बेसला फेक जवळची, जोर नको, मनगटानं टाकायचा. पण बेसवर यायचं ते धावणाऱ्याकडं अर्धी पाठ करून, चेंडू घेऊन लगेच वळायचं, तेव्हा तिच्या घोट्यावर कुणीतरी घसरत येत असतं, आणि तरी डोळे फर्स्ट बेसवर. आणि राइट फील्डला? तिथं पहिलं पाऊल मागं. बॅटचा आवाज आला की आधी मागं, कारण मागं गेलेली मुलगी पुढं धावू शकते, पण डोक्यावरून गेलेला चेंडू परत येत नाही. इनफिल्डची सवय लागलेली मुलगी तिथं हमखास पुढं धावते आणि चुकते. मी हे शेकडो वेळा पाहिलंय. पाऊल पुढं की मागं, एवढी एक गोष्ट जागा बदलताना मेंदूत उलटी करून घ्यावी लागते. तीन इनिंगमध्ये तीन जागा म्हणजे ती मुलीनं तीनदा उलटी केली. ती त्या दिवशी रडली नाही, परवा रात्री रडली, यातच मला तिचं कौतुक वाटतं.

झोब्रिस्टकडं परत येते. २०१५ च्या जुलैमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सनं त्याला घेतलं. त्यांचा लेफ्ट फील्डचा अ‍ॅलेक्स गॉर्डन जखमी होता. झोब्रिस्ट आधी ती जागा सांभाळायला उभा राहिला. गॉर्डन बरा होऊन आला, तर हा तिथून हलून सेकंड बेसला गेला. एकाच माणसानं एका हंगामात दोन खिंडारं बुजवली. त्या वर्षी रॉयल्सनी न्यूयॉर्क मेट्सना हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली, ३० वर्षांनी. मग शिकागो कब्जनं त्याच्याशी चार वर्षांचा करार केला, ५ कोटी ६० लाख डॉलरचा. माझ्या वडिलांच्या हजेरीच्या पगाराशेजारी हा आकडा ठेवला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. ज्या गुणाला फाटकाबाहेर उभं केलं जायचं, त्याच गुणाला कुणीतरी एवढी किंमत दिली होती. मला हेवा वाटला नाही. वडिलांना हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटलं.

शिकागोत तो हंगामभर बहुतेक सेकंड बेसला खेळला. पण शेवटच्या मोठ्या सामन्यांत हाविएर बाएझ नावाचा तरणाबांड गडी सेकंड बेसला आला आणि झोब्रिस्ट लेफ्ट फील्डला गेला. एवढं नाव, एवढा करार, तरी जागा दुसऱ्याला दिली.

२०१६ ची वर्ल्ड सिरीज मी पाहिली. आपल्याकडं ३ नोव्हेंबरची सकाळ होती, भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी सुट्टीला आली होती, तिच्या लॅपटॉपवर आम्ही दोघी. समोर फराळाचं ताट होतं, त्याला कुणी हात लावला नाही. कब्जनी १९०८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती, १०८ वर्षं. क्लीव्हलँडविरुद्ध ते ३-१ असे मागं पडले होते, तिथून बरोबरी करून सातव्या सामन्यात आले. आठव्या इनिंगला ६-३ अशी आघाडी होती. क्लीव्हलँडनं आधी एक रन काढला आणि मग त्यांच्या राजाय डेव्हिसनं होमरन मारून ६-६ केलं. नऊ इनिंग संपल्या, बरोबरी. आणि पाऊस आला! १७ मिनिटं खेळ थांबला. ती सतरा मिनिटं माझ्या घरात कुणी बोललं नाही.

दहावी इनिंग. सेकंड बेसवर कब्जचा गडी. क्लीव्हलँडनं पुढच्या अँथनी रिझोला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे खेळूच न देता फर्स्ट बेसला पाठवलं. त्यांचा हिशोब असा, की रिझोपेक्षा मागून येणारा परवडला. मागून येणारा झोब्रिस्ट. तो डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी बॅटिंग करायचा. समोर ब्रायन शॉ, उजव्या हाताचा पिचर, म्हणून हा डावीकडून उभा राहिला. चेंडू त्यानं जोरानं ओढला नाही. उशिरा खेळला, आणि चेंडू थर्ड बेसवाल्याच्या पलीकडून लेफ्ट फील्डच्या रेषेला चिकटून गेला. गडी घरी आला, ७-६. झोब्रिस्ट सेकंड बेसवर उभा राहून उड्या मारत होता. अजून एक रन आला, क्लीव्हलँडनं शेवटी एक काढला, ८-७, कब्ज जिंकले. वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू बेन झोब्रिस्ट. माझी विद्यार्थिनी लॅपटॉप मांडीवर ठेवून रडत होती. शाळेत असताना मी तिला चार जागांवर फिरवलं होतं.

त्या हंगामात तो ९६ वेळा वॉक मिळवून, म्हणजे पिचरनं चार वाईट चेंडू टाकले म्हणून, बेसवर गेला आणि ८२ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला. वाईट चेंडूला बॅट लावायची नाही, हा संयम त्यात दिसतो. ताई, मुलीला हा आकडा मात्र नक्की सांगा. कारण फिरत्या खेळाडूच्या हातात सगळ्यात खात्रीची गोष्ट असते ती तिची बॅट. फिल्डिंगला जागा बदलेल, पण स्लगर, म्हणजे बॅट, घेऊन ती रोज त्याच होमप्लेटवर उभी राहणार आहे. तिथं ती भरवशाची झाली तर कोच तिला संघाबाहेर ठेवूच शकत नाहीत, मग कुठं का उभं करेनात.

एक गोष्ट मात्र तुम्ही कोचना जाऊन विचारा. भांडायला नको, विचारायला जा. सामन्याच्या आधी तिला सांगता का, की आज ती कुठं उभी राहणार आहे? आणि सरावात तिला त्या जागेवर चेंडू देता का? दोन्हीला 'हो' आलं, तर तुमची मुलगी चांगल्या हातात आहे, निश्चिंत व्हा. सराव एका जागेचा आणि सामन्यात दुसरीकडं ढकलणं असं चालू असेल, तर तेवढं मात्र स्पष्ट सांगा, की आठवड्यातून दोन दिवस तरी तिला राइट फील्डला उंच चेंडू द्या. ढकलणं आणि घडवणं यात सरावाचाच काय तो फरक असतो. गिरणीत माझ्या वडिलांना कुणी शिकवलं नव्हतं, ते बघून बघून शिकले. मुलांना तसं सोडू नये.

आता रकाना.

झोब्रिस्ट २०१९ मध्ये शेवटचा खेळला. १६७ होमरन, तीन वेळा ऑल-स्टार, लागोपाठ दोन वर्षं दोन वेगळ्या संघांकडून विजेता. पण फिल्डिंगचा मोठा मान म्हणजे गोल्ड ग्लोव्ह, तो त्याला कधी मिळाला नाही. तो पुरस्कार जागेप्रमाणे देतात, आणि याची एक जागा कुठं होती? २०२२ पासून मात्र त्या पुरस्कारात 'युटिलिटी' असा वेगळा रकाना आला, अनेक जागांवर खेळणाऱ्यासाठी. तो रकाना येईपर्यंत झोब्रिस्टचा खेळ संपला होता. त्याच्यासारख्यांनी हंगामामागून हंगाम सात जागा सांभाळल्या, म्हणून तो छापावा लागला असं मी मानते.

आपल्या जिल्ह्याच्या फॉर्मवर असा रकाना नाही. म्हणून मुलीला सांगा, पहिलं नाव 'शॉर्टस्टॉप' लिही. अवघड जागेचं नाव आधी. निवड करणारे पहिल्या दहा मिनिटांत तिला तिथं उभं करतील आणि त्यांना तिचे पाय दिसतील. पुढं स्वल्पविराम देऊन 'सेकंड बेस, राइट फील्ड'. जागा कमी पडली तर बारीक अक्षरात. 'कुठेही' असं लिहू नको म्हणावं. खूप मुली नम्रपणानं तसं लिहितात आणि चाचणीच्या दिवशी सगळ्यात शेवटी बोलावल्या जातात. जागांची नावं लिहिली, तर कागद हातात घेणाऱ्याला कळतं की ही मुलगी त्या जागा खेळून आली आहे. मागं कोरी जागा असेल तर कुठल्या स्पर्धेत कुठं खेळली तेही दोन ओळींत लिहावं, खाली कोचची सही घ्यावी.

चाचणीला जाताना डबा थोडा आणि पाणी भरपूर द्या, उन्हाचं मैदान आहे. फॉर्मची तारीख २० आहे आणि अंक हाती पडायला कधी उशीर होतो, म्हणून या उत्तराची एक प्रत तुमच्या पत्त्यावर पोस्टानं वेगळी पाठवली आहे.